वांग्यांच्या वाफ्यातली दुपार

जूनचा दुसरा आठवडा होता. तेइजी मुरोझोनो सायकल काढून बाजारात गेला, तो कारल्याच्या वेलासाठी जाळी आणायला. चार दिवस पाऊस लागून राहिला होता. जोराचा नव्हे; बारीक, चिवट, कपड्यांना बुरशी आणणारा. दुकानदाराने विचारलं, "किती हात लांब हवी?" तेइजीला ते ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं वेगळी करण्यात गेली होती. कारल्याचा वेल किती चढतो हे कोणत्याही पाकिटावर लिहिलेलं नसतं. त्याने तीन हात जाळी घेतली, ती रेनकोटच्या आत कोंबली आणि तो परत निघाला.

हे घर त्यांनी मार्चमध्ये भाड्याने घेतलं होतं. त्याआधी तेइजी आणि त्याची बायको मित्सुए पस्तीस वर्षं शहरात पाचव्या मजल्यावर राहत होती. तेइजी निवृत्त झाला, मित्सुएनेही चहाच्या पुड्या भरायचं काम सोडलं, आणि दोघं तेनर्यू नदीच्या काठाने वर, डोंगराच्या पायथ्याशी येऊन राहिली. घर ओताका किनु नावाच्या बाईंचं होतं. वय ब्याण्णव. एकट्याच राहायच्या, लग्न केलं नव्हतं. आदल्या वर्षीच्या शरदात त्या बागेत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात पलंगावर होत्या. घर भाड्याने दिलं ते त्यांच्या भाच्याने.

घरामागे बाग होती. बाग म्हणजे काय, चार वाफे आणि कुंपणाशी हायड्रेंजियाची निळी झुडपं. मित्सुएला फार हौस आली. मे महिन्यात तिने वांगी, काकडी, टोमॅटो, कारली अशी सगळी रोपं आणून लावली. तेइजी हसला होता. "पाचव्या मजल्यावर निवडुंग मारून दाखवलास तू. आता ह्यांची पाळी."

"निवडुंग तुम्ही मारलात. पाणी घालून घालून," मित्सुए म्हणाली होती.

तर त्या दिवशी तेइजी जाळी घेऊन परत आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. फाटकातूनच त्याला दिसलं, मित्सुए बागेत उकिडवी बसली आहे. डोक्यावर टॉवेल, पाठ त्याच्याकडे. टोमॅटोच्या पानांच्या बगलेतले फुटवे ती खुडत होती. हात इतका भरभर चालला होता की तेइजी सायकल धरून तसाच बघत राहिला. डावा हात. मित्सुए सगळं उजव्या हाताने करायची.

"अगं, पावसात काय बसलीस? सर्दी होईल."

तिने मान वळवली नाही. "किती हात आणलीत?"

आवाज मित्सुएचाच होता, पण घसा बसल्यासारखा.

"तीन."

"पुरायची नाही. जुलैत कळेल तुम्हाला."

तेइजीने सायकल लावली, ओले मोजे काढले, दोघांसाठी चहा टाकला. चहा घेऊन मागच्या दाराशी आला तर बागेत कोणी नव्हतं. आतल्या खोलीत मित्सुए कुशीवर झोपली होती. जेवणानंतर तासभर पडायची तिची जुनीच सवय. फक्त दारापासून तिच्यापर्यंत चटईवर चिखलाची पावलं उमटली होती, आणि तिचे तळवे ओल्या मातीने माखले होते.

तीनला ती उठली. "आलात का? मिळाली जाळी?"

तेइजीने तिला तिचे पाय दाखवले. ती आधी हसली. मग तिने नखं पाहिली, टोमॅटोच्या पानांनी हिरवी झालेली, आणि तिचं हसू थांबलं.

"झोपेत चालले वाटतं," ती म्हणाली. "लहानपणी चालायची म्हणे मी."

गावातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. घर बदललं, दिनक्रम बदलला, होतं असं. जिना नाही ना घरात, मग काळजी नको. तेव्हा त्यांनी काळजी केली नाही. पाऊस चालू राहिला. दर दुपारी एक वाजता मित्सुए आडवी व्हायची, थोड्या वेळाने उठून बागेत जायची, काम करायची, परत येऊन निजायची आणि जागी झाल्यावर तिला काही आठवत नसायचं. बाग मात्र अशी सुधारली की रस्त्यावरून जाणारे थांबायला लागले. गोगलगायी वेचलेल्या असायच्या. वांग्यांच्या बुंध्याशी गवताचं आच्छादन पसरलेलं असायचं. काकडीचा प्रत्येक वेल बांबूला आठाच्या आकड्यासारख्या सैल गाठीने बांधलेला असायचा.

शेजारच्या साकुमाबाई एका सकाळी कुंपणाशी आल्या. ऐंशीच्या घरातल्या, कमरेत वाकलेल्या, जीभ मात्र सरळ. हातात मिओगाची, आल्यासारख्या वासाच्या कोंबांची, जुडी होती.

"घ्या. सूपमध्ये घाला. फार खाऊ नका, मिओगाने माणूस विसरभोळा होतो म्हणतात. म्हणजे माझे पैसे... जाऊ दे, तुम्ही कुठे घेतलेत माझ्याकडून." त्या स्वतःच्याच विनोदावर हसल्या आणि मग त्यांची नजर काकडीच्या वेलावर गेली. त्या हसायच्या थांबल्या. वाकून त्यांनी एक गाठ बोटावर घेतली.

"ही गाठ कोणी शिकवली गं तुला?"

"कोणी नाही," मित्सुए म्हणाली.

"ही किनुची गाठ आहे. डावखुरी होती ना ती. साठ वर्षं बघतेय मी ही गाठ. मला कधी जमली नाही." साकुमाबाईंनी गाठ सोडली, बोटं पदराला पुसावीत तशी एप्रनला पुसली. "तिला नेलं ना, तेव्हा स्ट्रेचरवरून ओरडत होती. हाड मोडलंय त्याचं काही नाही. म्हणे, माझी वांगी... माझ्या वांग्यांना हात लावाल तर याद राखा. माणसांशी कधी पटलं नाही तिचं. वांग्यांशी पटायचं."

त्या दिवशी दुपारी झोपण्याआधी मित्सुए तेइजीला म्हणाली, "मला ना, रोज एकच स्वप्न पडतं. सांगितलं नाही तुम्हाला."

"कसलं?"

"स्वप्न असं नाही. मी उताणी पडलेली असते. वर छत. छतावर ओल आलीय, माशासारखी. डावीकडे खिडकी आहे, त्यातून एक पाण्याची टाकी दिसते. दुसरं काही नाही. मला हलता येत नाही हो... उजवा खुबा ठणकत असतो. एक बाई येते आणि मला कुशीवर वळवते. काहीतरी नावाने हाक मारते, पण ते माझं नसतं."

"मग?"

"मग काही नाही. छत बघत राहायचं. तुम्ही हाक मारेपर्यंत."

तेइजीने ते ऐकलं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्याला त्या वेळी काही वाटलं नाही असं नाही. पण वाटलं ते त्याने बाजूला ठेवलं, पत्ता नीट न लागणारं पाकीट ठेवतात तसं.

जुलैच्या मध्याला पावसाळा संपला. एका दिवसात संपला, कोणीतरी झाकण काढावं तसा, आणि खाली उकळतं ऊन. सकाळी सातपासून सिकाडा किडे सुरू व्हायचे ते संध्याकाळपर्यंत. कारल्याचा वेल तीन हात चढला, जाळीच्या टोकाशी पोचला आणि रिकाम्या हवेत बोटं हलवत राहिला. तेइजीला दुसरी जाळी आणावी लागली.

मित्सुएची झोप लांबत चालली. एक ते तीन होती, ती चारपर्यंत गेली. मग पाचपर्यंत. आणि त्या वेळात बागेत जी बाई काम करायची, तिच्याशी तेइजी बोलायला लागला.

हे त्याने पुढे फक्त एकदाच कोणाला सांगितलं आणि सांगताना खाली बघून सांगितलं. त्याला तिची सवय झाली होती. पाच वर्षं उरलेल्या माणसासारखी ती बोलत नसे, पाच मिनिटं उरल्यासारखी बोलायची. "भर उन्हात पाणी घालता? मुळं उकडायचीत का? सकाळी घाला." "ते फूल बघा. मधला दांडा बाजूच्या केसरांपेक्षा आखूड झालाय. म्हणजे झाड भुकेलंय. खत द्या." "हात कसला धरता? लेखणी धरल्यासारखा. खुरपं आहे ते." तेइजी शिव्या खायचा आणि शिकायचा. निवृत्तीनंतर त्याला कोणी काही करायला सांगितलं नव्हतं. पहिलं वांगं तिने त्याच्याकडून कापून घेतलं. जांभळं, चकचकीत, उन्हात तापलेलं. त्याचं वजन हातात घेऊन तो उगाच उभा राहिला.

तिला कोण म्हणून विचारायचं, हे त्याने रोज उद्यावर टाकलं. विचारायची तशी गरजही नव्हती.

इकडे मित्सुए वाळत चालली होती. सकाळी उठताना उजवा पाय ओढायची. कारल्याची भाजी समोर आली की ताट सरकवायची. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ती जागी झाली तीच उठून बसली आणि म्हणाली, "मला नाव ऐकू आलं आज. त्या बाईने हाक मारली. किनुआजी म्हणाली."

सिकाडा ओरडत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं," मित्सुए म्हणाली. प्रश्न नव्हताच तो.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं, मित्सुएची मान एक वाजता कलंडली, आणि तेइजीने सायकल काढली. मागच्या दाराने ती बाहेर पडत होती, डोक्याला टॉवेल बांधत. "कुठे निघालात उन्हाचे?" तिने विचारलं. तेइजीने पायडल मारलं.

वृद्धाश्रम पुलापलीकडे होता, पायी गेलं तर तासाचा रस्ता. दारात नेगोरोबाई भेटल्या. पन्नाशीच्या, दणकट, मोठ्या आवाजाच्या. मी किनुआजींच्या घरात भाडेकरू आहे, असं सांगितल्यावर त्या खूश झाल्या.

"कोणी येतच नाही हो त्यांच्याकडे. बरं झालं आलात. सकाळी आला असतात तर शिव्या खाल्ल्या असत्यात. सकाळी जिभेला धार असते त्यांच्या. दुपारी मात्र अगदी गरीब. नुसत्या रडतात."

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. साबणाचा वास, त्याखाली औषधाचा, त्याखाली शिळ्या अंगाचा. तेइजीने आधी वर पाहिलं. छतावर ओल होती, माशासारखी. डावीकडच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती.

पलंगावर एक म्हातारी होती, काडीसारखी. केस पांढरे, तोंडात दात नाहीत. तिने मान वळवून तेइजीकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"अहो..." ती म्हणाली. "तुम्ही आलात."

नेगोरोबाई हसल्या. "ऐका. अहो म्हणतायत. लग्न नाही झालं जन्मात, आणि रोज दुपारी नवऱ्याला हाका."

म्हातारीने तेइजीचा हात धरला. बोटं थंड होती आणि त्यांना जोर नव्हता. "घरी चला. मला उठवा हो... इथे कोणी उठवत नाही मला. सगळे नुसते कुशीवर वळवतात."

तेइजीला हात सोडवून घ्यावा लागला. जिना तो कसा उतरला ते त्याला आठवत नाही. पूल ओलांडताना नदीवरून ऊन डोळ्यांत घुसत होतं एवढं आठवतं. फाटक ढकलून तो आत आला तेव्हा वांग्यांच्या वाफ्यात ती उभी होती, पाठीवर हात टेकून.

"आलात भेटून?" तिने विचारलं.

"मित्सुए!" तेइजी ओरडला. तिचे खांदे धरून त्याने गदागदा हलवलं. "मित्सुए! मित्सुए!"

तिसऱ्या हाकेला मित्सुए खाली मातीत बसली आणि त्याच्याकडे बघून ऊर फुटेस्तोवर रडली. "हात का सोडवून घेतलात?" एवढंच ती परत परत म्हणत होती. "धरला होता मी तुमचा हात... का सोडवून घेतलात?"

त्या संध्याकाळी तिने त्याच्याकडून वचन घेतलं. दुपारी एकला झोप यायची ती येणारच. ती तिला आवरत नव्हती, दगड पाण्यात पडावा तशी ती त्यात जायची. पण डोळे मिटले की लगेच तिला उठवायचं. नावाने, तीनदा. एक दिवसही चुकवायचं नाही.

"नाही चुकणार," तेइजी म्हणाला.

"बागेचं काय होईल ते होऊ दे."

"होऊ दे."

पंधरा दिवस त्याने वचन पाळलं. एक वाजता तो तिच्या उशाशी बसायचा. मान कलंडली की तीन हाका. ती दचकून जागी व्हायची, तोंड धुवायची, आणि दिवस पुढे सरकायचा. तिचा पाय बरा झाला. ती कारली खायला लागली. शहरात परत जाऊ या का, असंही एकदा बोलून झालं.

बाग मात्र मेली नाही पण जगलीही नाही. पंधरा दिवसांत पावसाचा टिपूस नव्हता. सकाळ-संध्याकाळ पाणी तेइजी घालायचा, पण त्याचं पाणी झाडांना लागत नव्हतं. वांग्यांची चकाकी गेली, साल खरखरीत झाली. पानांवर कोळी आले. काकडीचे वेल सुटून लोंबायला लागले, कारण तेइजीला ती गाठ येत नव्हती. ऑगस्टच्या तेराव्याला पितरांच्या सणाला त्यांच्या येण्याजाण्यासाठी काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करायची, त्यासाठी त्याने वाफ्यात धड फळ शोधलं. एकही मिळेना. साकुमाबाईंकडून आणावं लागलं.

"किनुचं काही खरं नाही म्हणतात," साकुमाबाई म्हणाल्या. "चार दिवस झाले, पाणीही घेत नाही. भाचा येऊन गेला."

हे तेइजीने घरी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, चौदा तारखेला, जेवणं झाली. एक वाजला. मित्सुए कुशीवर झाली, तिची मान सैल पडली. तेइजीने तोंड उघडलं. पण हाक मारायच्या आधीच तिचे डोळे उघडले.

ती उठून बसली. गुडघे दुमडून, हात जमिनीवर टेकवून तिने त्याला वाकून नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा.

"मुरोझोनोसान," ती बसक्या आवाजात म्हणाली. "एकच तास द्या. आजचा. पाणी घालते, फुटवे काढते... मग परत नाही येणार. येववणार नाही मला."

तेइजीने तिच्याकडे पाहिलं. तोंड मित्सुएचं होतं. गालावरचा तीळ, कपाळावरची सुरकुती. पण त्या तोंडावर असं आर्जव त्याने चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मित्सुएने वचन घेतलं होतं तेही हक्काने, असं मागून नव्हे.

"एकच तास," तो म्हणाला.

तो ओसरीवर बसला. जवाचा थंड चहा ओतून घेतला. ती बागेत उतरली. आधी तिने भिंतीच्या सावलीत ठेवलेल्या पिंपातलं पाणी झारीत भरलं, आणि प्रत्येक झाडाच्या मुळाशी थोडं थोडं, जमीन पिऊन घेईल तेवढंच घातलं. मग वांग्यांच्या जुन्या फांद्या छाटल्या. "शरदात धरतील परत," ती म्हणाली, त्याला की झाडांना कोण जाणे. काकडीचे लोंबणारे वेल उचलून तिने एकेक बांधला. प्रत्येक झाडापाशी ती थोडी थांबायची, देठावर हात ठेवायची आणि पुढच्याकडे जायची. हवेत हिरवा, तुटलेल्या पानांचा वास सुटला. तेइजीला बरं वाटत होतं. हेही त्याने सांगितलं, खाली बघूनच. त्याला त्या तासात फार बरं वाटत होतं.

घड्याळाकडे त्याने दोनदा पाहिलं. एक पंचवीसला पाहिलं. एक पस्तीसला पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, पुरे, हाक मारावी. ती शेवटच्या वाफ्यात होती. तेवढा होऊ दे, असं त्याने ठरवलं.

पावणेदोनच्या थोडं आधी सगळे सिकाडा एकदम गप्प झाले. ती कारल्याच्या मांडवाखाली सावलीत येऊन बसली, पाठ भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "झालं." तिचे डोळे मिटले.

तेइजी उठला. "मित्सुए," त्याने हाक मारली. ती हलली नाही. "मित्सुए." आत फोन वाजायला लागला. तो वाजतच राहिला. "मित्सुए!"

तिने डोळे उघडले.

"किती वेळ झोपले मी?" तिने विचारलं. आवाज स्वच्छ होता. उजव्या हाताने तिने डोळ्यांवरचे केस मागे सारले. "आणि मला बाहेर कोणी आणलं? फोन वाजतोय, घ्या ना."

फोन किनुबाईंच्या भाच्याचा होता. किनुआत्या गेली, एक चाळीसला.

तेइजी परत बाहेर आला. मित्सुए चपला शोधत होती. "वचन मोडलंत ना?" ती म्हणाली. रागावली होती, पण रोजच्यासारखी. "स्वप्न पडलं का विचाराल तर नाही पडलं. आज काहीच नव्हतं. नुसती झोप."

त्याच्या अंगातला जीव परत आल्यासारखा झाला. त्याने तिला पाणी दिलं. रात्री दोघांनी थंडगार शेवया खाल्ल्या आणि ती त्याला लग्नातली एक गोष्ट सांगून हसली. तेइजीचा मामा दारू पिऊन भलत्याच लग्नात जाऊन बसला होता ती. सगळं तिला आठवत होतं.

अंत्यसंस्काराला तेइजी एकटाच गेला. भाडेकरू म्हणून जाणं भाग होतं. बाहेरच्या ओसरीत नेगोरोबाई उभ्या होत्या, काळ्या कपड्यांत, त्या दिवशी आवाज लहान करून.

"त्रास झाला का शेवटी?" त्याने विचारलं.

"सकाळभर शांत होत्या. अगदी हसतमुख. मला म्हणाल्या, आज घरी जाऊन येते. एक वाजता मात्र... शेवटी शेवटी सगळे आईला हाक मारतात, काका. वीस वर्षं बघतेय मी. ह्यांनी आईला नाही मारली. अहो, अहो, वेळ झाली, उठवा मला, असं चाललं होतं. चाळीस मिनिटं. शेवटपर्यंत दाराकडे डोळे."

तेइजीने उदबत्ती लावली. पुलावरून परतताना तो सायकलवरून उतरला आणि बराच वेळ हातात सायकल धरून चालत राहिला. घरी आल्यावर मित्सुएने दारातच त्याच्या अंगावर मीठ शिंपडलं, मयताहून आलेल्यावर शिंपडतात तसं. "कसं झालं?" तिने विचारलं. "ठीक झालं," तो म्हणाला. तिला आणखी काही विचारायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं. म्हणून त्याने विचारलं नाही.

पुढे सगळं सुरळीत चाललं. दुपारची झोप सुटली. येतच नाही हो, ती म्हणायची. शहरात परत जायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. छाटलेली वांगी सप्टेंबरात नवी फुटली, आधीपेक्षाही गोड. ती चांगली वागत होती. त्याच्या आवडीचं करायची. तेइजीला तक्रार करायला जागा नव्हती, आणि कधी कधी दिवसचे दिवस तो हे सगळं विसरून जायचा.

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी जेवण झाल्यावर फोन आला. नेगोरोबाई होत्या.

"काका, राग मानू नका. विचारू का नको असं आठ दिवस चाललं होतं. त्या पलंगावर आता नव्या आजी आल्यात. लांबच्या गावच्या आहेत. किनुआजी कोण, तुम्ही कोण, त्यांना काही ठाऊक नाही. डोकं त्यांचं ठीक आहे, फक्त पाय गेलेत." त्यांनी दम घेतला. "रोज दुपारी एकला घंटी वाजवतात. म्हणतात, हिला जरा सरकायला सांगा, मला जागा पुरत नाही. भिंतीकडच्या बाजूला कोणी निजलंय म्हणतात. मी म्हटलं, कोण आजी? तर म्हणाल्या, नाव मित्सुए सांगते..."

तेइजीने फोन दुसऱ्या कानाशी धरला.

"अंत्यसंस्काराच्या वहीत तुम्ही दोघांची नावं लिहिली होतीत. काकूंचं नाव हेच ना, काका? बऱ्या आहेत ना त्या? घरीच आहेत ना?"

खिडकीतून बाग दिसत होती. ती मुळ्याचं बी टोकत होती, ओणवी होऊन. फोनचा आवाज ऐकून ती सरळ झाली, कपाळावर हात धरून तिने खिडकीकडे पाहिलं.

"अहो, कोणाचा आहे?"

"चुकीचा नंबर," तेइजी म्हणाला.

फोन अजून कानाशीच होता. नेगोरोबाईंच्या मागून, खोलीच्या आतून, एका म्हातारीचा त्रासलेला आवाज आला, बाजूच्या माणसाचा निरोप सांगावा तसा:

"विचारा त्याला, ती विचारतेय... बागेत कोण आहे?"